बांधा आणि लग्नाची साडी

साडीला माप नसते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची, नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास आणि दोन्हींचा पन्हा बहुधा ४५ ते ४८ इंच. पाच फूट उंचीच्या मुलीलाही हीच साडी आणि पावणेसहा फूट उंचीच्या मुलीलाही हीच. शिवलेल्या पोशाखात जे काम कात्री आणि शिवण करते, ते साडीत कापडाचे वजन, काठाची रुंदी, नेसण्याची पद्धत आणि ब्लाऊज यांच्यावर येऊन पडते. ‘अमकीला साडी शोभते, तमकीला नाही’ या शेऱ्यात म्हणूनच फारसे तथ्य नाही. जी शोभत नाही ती बहुतेक वेळा त्या बांध्याला न जुळणाऱ्या कापडाची साडी असते, किंवा चांगल्या साडीखाली घाईत शिवलेले ब्लाऊज असते.

मराठी लग्नात वधूचा पोशाखही एक नसतो. हळदीची साडी वेगळी, लग्नघटिकेला अनेक घरांत मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री, पुढच्या विधींना शालू किंवा पैठणी आणि संध्याकाळी रिसेप्शनला आणखी काही. समाजागणिक आणि घरागणिक हा क्रम बदलतो. अष्टपुत्रीचा रंग परंपरेने ठरलेला असतो आणि ती अंगावर थोडाच वेळ राहते. बांध्याचा खरा विचार करायचा तो शालूच्या किंवा पैठणीच्या बाबतीत, कारण त्याच साडीत वधू चार-पाच तास पाटावर बसते, होमासमोर वाकते, मोठ्यांच्या पाया पडते आणि आयुष्यभर पाहिल्या जाणाऱ्या फोटोंत दिसते.

पाश्चात्त्य फॅशनच्या पुस्तकांत स्त्रीदेहाचे सफरचंद, पेअर, वाळूचे घड्याळ असे साचे केलेले असतात. ते गाऊन आणि स्कर्टसाठी बेतलेले आहेत. साडीसाठी तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरते: उंची किती, कमरेच्या वरचा भाग लांब की खालचा, आणि अंगाचा भरणा नेमका कुठे आहे, खांद्यांत, छातीत, पोटात की नितंबांत. दोन मुली सारख्याच वजनाच्या असूनही एकीचा भरणा खांदे आणि दंडात असतो, दुसरीचा कमरेखाली. पहिलीला पदर आणि बाही यांचा विचार करावा लागतो, दुसरीला परकर आणि निऱ्यांचा. नुसत्या वजनावरून साडी सुचवणारा दुकानदार या दोघींना एकच साडी काढून दाखवतो.

तिन्हींत उंचीचा परिणाम सर्वांत थेट असतो, आणि तो पन्ह्याशी बांधलेला आहे. पाच फूट उंचीच्या मुलीचे कमरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर साधारण ३७ इंच भरते. साडीचा पन्हा ४६ इंच असेल तर उरलेले नऊ इंच कापड कमरेत आत जाते. साडीला वरच्या बाजूनेही खालच्यासारखाच रुंद जरीचा काठ असेल, तर तो सगळा जाड काठ परकराच्या आत, पोटाशी दुमडला जातो. सडपातळ मुलीलाही पोट आहे असे फोटोत दिसते ते अनेकदा या दुमडलेल्या काठामुळे. बुटक्या वधूने म्हणून खालच्या काठाइतकेच लक्ष वरच्या काठाकडे द्यावे. खालचा काठ रुंद आणि वरचा अरुंद अशा साड्या मिळतात, त्या तिच्यासाठी सोयीच्या.

उंच वधूची अडचण याच्या उलट. पाच फूट आठ इंच उंचीला कमरेपासून जमिनीपर्यंत ४२ इंच धरले, वर अडीच इंचांची टाच आणि खोचायला दीड-दोन इंच, की हिशेब ४६च्या पुढे जातो. ४५ इंच पन्ह्याची हातमागाची साडी तिला आखूड पडते. तिने रंगाच्या आधी पन्हा मोजून घ्यावा; दुकानात टेप असतोच, पण मागितल्याशिवाय तो कोणी काढत नाही.

कमरेवरचा भाग लांब आणि पाय आखूड अशी ठेवण असेल, तर परकर बेंबीवर किंवा किंचित वर बांधून ब्लाऊजची लांबी थोडी वाढवली की पाय लांब भासतात. पाय लांब आणि वरचा भाग आखूड असेल तर परकर थोडा खाली घ्यावा. दोन बोटांच्या फरकानेही चित्र बदलते, आणि या उपायाला खर्च काहीच नाही.

कापडाच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर पाहावे लागते, कारण चुका तिथेच सर्वांत जास्त होतात. रेशीम म्हटले की सगळे सारखे असे नसते. कांजीवरममध्ये अनेक पदरी पीळ दिलेले जाड सूत वापरतात, काठ आणि अंग वेगळ्या धोट्यांनी विणून जोडतात. कापड भरीव आणि ताठ होते, निऱ्या घडी पडल्यासारख्या उभ्या राहतात. किरकोळ अंगाच्या मुलीला ही साडी भरणा देते. नितंब रुंद असतील तर मात्र तेच कापड अंगापासून फुलून उभे राहते आणि घेर वाढवते. बनारसी शालूंतही प्रकार आहेत. पीळदार रेशमाचे कतान वजनदार असले तरी पडते छान. कोरा, म्हणजे ऑर्गेंझा, हलका असूनही फुगतो. बनारसी जॉर्जेट अंगालगत वाहते. दुकानात या तिन्हींना ‘बनारसी शालू’ हे एकच नाव असते. टिश्यूची साडी हातात हलकी लागते म्हणून जाड अंगाच्या मुलीला सुचवली जाते, पण ताण्यात किंवा बाण्यात जर असल्याने ती कागदासारखी कडक राहते आणि जिथे चुरगळेल तिथे तशीच थांबते.

पैठणीचे अंग सहसा मऊ आणि भार पदरात व काठात. पैठण किंवा येवल्याची अस्सल हातमागाची पैठणी ओळखायची खूण म्हणजे काठ-पदराची नक्षी उलट बाजूनेही तितकीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. बांध्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत नक्षीचे धागे मागच्या बाजूने धावत जातात. त्यामुळे पदर जाड होतो, खांद्यावर चुण्या नीट बसत नाहीत, शिवाय ते धागे बांगड्या आणि जोडव्यांत अडकतात. अंगभर बुट्टे आणि भरगच्च पदर असलेली ब्रोकेड पैठणी खांदे रुंद असलेल्या वधूला जड जाते. तिच्यासाठी मोकळ्या अंगाची, बारीक बुट्टीची पैठणी बरी. सुती अंगाला रेशमी काठ-पदर असलेली गडवाल उन्हाळ्यातल्या लग्नात भरल्या अंगाच्या मुलीला आराम देते, पण कापडात जीव बेताचाच असल्याने ती इस्त्री आणि खळ यांच्या भरवशावर उभी असते.

कापड कसे पडेल हे दुकानात पाहायची साधी रीत आहे. विक्रेता साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभे करतो, त्यात फक्त रंग कळतो. साडीच्या मधल्या भागाच्या पाच-सहा निऱ्या हातात धराव्यात, कमरेशी टेकवाव्यात आणि खालचा भाग सोडून द्यावा. निऱ्या सरळ खाली आल्या तर कापड अंगाशी जुळवून घेणारे आहे. पंख्यासारख्या पसरल्या तर घेर वाढवणारे. मग कोणता परिणाम हवा ते वधूने ठरवावे.

निऱ्यांची संख्याही बांध्यावर ठरते आणि तिचा हिशेब सोपा आहे. साडी अंगाभोवती साधारण दोनदा फिरते. नितंबांचा घेर ३६ इंचांऐवजी ४६ इंच असेल तर दोन वेढ्यांत वीस इंच कापड जास्त लागते. एका निरीला दहा-बारा इंच कापड जाते, तेव्हा निऱ्या जवळपास दोनने कमी पडतात. जाड अंगाच्या वधूच्या निऱ्या कमी आणि आखडलेल्या दिसतात त्या यामुळे. तिने पदर गुडघ्याच्या खाली लांब न सोडता तेवढे कापड निऱ्यांकडे वळवावे. किरकोळ वधूच्या उलट आठ-नऊ निऱ्या होतात आणि ताठ रेशमाचा तो गठ्ठा पोटासमोर उभा राहतो. तिने पदर लांब घ्यावा आणि निऱ्या थोड्या रुंद घालाव्यात, म्हणजे थर कमी होतात.

काठाबद्दल ‘बुटकीने रुंद काठ घेऊ नये’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तो बऱ्याच अंशी खरा आहे, पण त्यामागचे कारण सहसा चुकीचे सांगतात. आडव्या रेषा जाड दाखवतात, असे ते कारण. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फोन हेल्महोल्ट्झ यांनी याच्या उलट दाखवले होते: आडव्या रेषांनी भरलेला चौरस उभ्या रेषांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये स्त्रियांच्या आकृत्यांवर हाच प्रयोग करून पाहिला, आणि आडव्या पट्ट्यांचे कपडे जाड दाखवतात या समजाला त्यांना आधार मिळाला नाही. साडीच्या काठाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सारख्या अंतराने जाणाऱ्या बारीक रेषा नसून विरुद्ध रंगाचा एकच ठळक पट्टा असतो. ३७ इंच उंचीच्या घेरात दहा इंच काठ म्हणजे पाऊण फुटाहून अधिक भाग वेगळ्या रंगाचा. नजर तिथे तुटते आणि पाय तेवढे आखूड वाटतात. म्हणून रुंदीइतकाच रंगातला विरोध महत्त्वाचा. हिरव्या अंगाला हिरव्याच छटेचा किंवा नुसत्या जरीचा सहा इंची काठ बुटक्या वधूलाही चालून जातो, आणि पांढऱ्या-लाल अशा तीव्र विरोधाचा चार इंची काठही तिला आखूड करतो.

हाच न्याय ब्लाऊजला लागतो. साडीच्याच रंगाचे ब्लाऊज शरीर खांद्यापासून पायापर्यंत एकसंध दाखवते. विरुद्ध रंगाचे ब्लाऊज त्याचे दोन तुकडे करते. उंच, शिडशिडीत मुलीला हे तुकडे शोभतात. कमरेवरचा भाग मुळातच आखूड असेल तर ते टाळावेत. हेल्महोल्ट्झ यांनीच नोंदवलेला दुसरा भ्रम म्हणजे उजळ वस्तू त्याच आकाराच्या गडद वस्तूपेक्षा मोठी दिसते. गडद रंग बारीक दाखवतो हा घरोघरचा अनुभव त्यातूनच येतो. लग्नात मात्र जरीमुळे हा फायदा बराचसा वाया जातो. मंचावरच्या दिव्यांचा झोत अंगभर जरीवर पडला की सर्वांत पुढे आलेला भाग सर्वांत जास्त चमकतो, मग साडी कितीही गडद असो. पोट किंवा छाती भरलेली असेल तर जर काठात आणि पदरात असावी, अंग मोकळे असावे.

नऊवारीला सहावारीचे नियम सरसकट लागू पडत नाहीत. परकर नसल्याने कमरेशी एक थर कमी होतो, पण कासोट्यासाठी कापड पायांमधून मागे जाते आणि मांड्या व नितंब यांचा आकार स्पष्ट होतो. भरल्या अंगाला हे शोभते; राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या नऊवारी नेसलेल्या स्त्रिया बहुतेक भरल्या अंगाच्याच आहेत. किरकोळ मुलीच्या अंगावर मात्र कासोटा मागे लोंबतो आणि साडी उसनी घेतल्यासारखी दिसते. तिने ताठ कापडाची नऊवारी घेऊन आत लेगिंग घातली तर हे सावरते. ब्राह्मणी पद्धतीत निऱ्यांचा खालचा भाग वर घेऊन ओचा खोचतात, त्याने पोटाशी थर वाढतात. पोट सुटलेले असेल तर ओचा अगदी चपटा, हाताने दाबून खोचावा किंवा पेशवाई वळणाची, समोर लांब निऱ्या सोडणारी नऊवारी निवडावी. मांड्या भरलेल्या असतील तर कापड मऊ हवे आणि काठ मांडीवरून आडवा न जाता तिरका उतरेल असे नेसवावे. हे नेसवणाऱ्या बाईंच्या हातात असते; लग्नाआधी एकदा त्यांच्याकडून नेसून पाहायला हवेच.

शिवलेल्या नऊवारीचा प्रसार गेल्या काही वर्षांत खूप झाला आहे. पाच मिनिटांत चढते, सुटत नाही, नेसवणारी शोधावी लागत नाही. पण ती शिवताना साडी बहुतेक ठिकाणी कापतात, म्हणजे मोलाची पैठणी पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने नेसता येत नाही. दुसरे असे की नेसलेली साडी बसल्यावर सैल-घट्ट होऊन अंगाशी जुळते. शिवलेली जुळत नाही. माप उभ्याने दिले आणि आसनाला जागा सोडली नाही, तर पाटावर मांडी घालताना शिवण ताणली जाते. माप देताना जमिनीवर मांडी घालून बसलेल्या स्थितीत कमर आणि मांडीचा घेर मोजायला सांगावे.

आता ब्लाऊज. साडीवर हजारो रुपये घालवून ब्लाऊज ‘कुठूनतरी शिवून घेऊ’ म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. हा प्राधान्यक्रम उलटा आहे. अंगावर नेमके बसायचे असते ते ब्लाऊजने. साडी फक्त त्यावर टेकते. छाती भरलेली असेल तर साध्या चार टक्सच्या ब्लाऊजपेक्षा प्रिन्सेस कट किंवा कटोरी बरी, कारण शिवण छातीच्या गोलाईवरून जाते आणि काखेत सुरकुत्या पडत नाहीत. छाती लहान असेल तर कटोरी पोकळ राहते. तिथे टक्स, आणि काठ छातीवरून आडवा फिरवला तर भरणा येतो. रुंद खांद्यांना खोल आणि अरुंद गळा, अरुंद खांद्यांना पसरट गळा. दंड जाड असतील तर बाही कोपरापर्यंत घ्यावी, पण काठ दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपू देऊ नये. आखूड बाहीचा जरीचा काठ नेमका तिथेच येतो. बाहीचा घेरही हात वाकवून मोजावा, एरवी चुडा भरलेला हात वर नेताना बाही दंडात रुतते.

साडीसोबत येणारे ब्लाऊजपीस बहुधा ८० सेंटिमीटरचे असते. छातीचे माप मोठे आणि बाही लांब असेल तर ते पुरत नाही, आणि शिंपी मग काखेत तुकडा जोडतो किंवा शिवणीतली माया कमी करतो. माया कमी म्हणजे नंतर उसवून सैल करायची सोय गेली. अशा वेळी जुळणारे साधे रेशीम वेगळे घेऊन पाठ आणि बाह्या त्याच्या कराव्यात, मूळ कापड समोर वापरावे.

गळ्याचा विचार दागिन्यांसकट करायचा असतो. मान आखूड असलेल्या मुलीच्या बंद गळ्याच्या ब्लाऊजवर चिंचपेटी आणि ठुशी दोन्ही चढवल्या की मान दिसतच नाही. तिने एकच गळ्यालगतचा दागिना ठेवून खाली मोहनमाळ किंवा लक्ष्मीहार घ्यावा, गळा खोल घ्यावा. लांब मानेला चिंचपेटी खुलते. शेला खांद्यावर येतो तेव्हा पदर, शेला आणि हार असे तीन थर होतात. खांदे रुंद असतील तर शेल्याची घडी चार बोटांची करून लावावी.

परकराबद्दल थोडक्यात. सुती, सहा कळ्यांचा परकर जड रेशमाला धरून ठेवतो. फिश कट पेटीकोट नितंबांचा घेर आवरतो, मात्र त्यात मांडी घालून बसता येत नाही, तो रिसेप्शनपुरता. नाडीची गाठ पोटावर न घेता बाजूला घ्यावी. होमाजवळ बसायच्या साडीखाली नायलॉन किंवा सॅटिनचा कृत्रिम धाग्याचा परकर घालू नये. ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो, सुती परकरात तो धोका नाही.

रंगीत तालीम सगळ्या साजासह व्हावी: तीच अंतर्वस्त्रे, तोच परकर, तेच ब्लाऊज. विधी अनवाणी होतात, तेव्हा शालू अनवाणी पायांच्या मापाने नेसवायचा आणि टाचेचे माप रिसेप्शनच्या साडीला लावायचे. दोन्हींची फॉलची उंची एकच धरली तर एक साडी लोळते किंवा दुसरी वर राहते. तालमीत मांडी घालून बसावे, हार घालायला हात वर करावेत, वाकून नमस्कार करावा, आणि कोणाला तरी समोरून नव्हे तर बाजूने आणि पाठमोरा फोटो काढायला सांगावा. ब्लाऊजची पाठ वर सरकते का, निऱ्या पोटावर साठतात का, हे आरशात दिसत नाही.

लग्नाच्या तोंडावर काही मुलींचे वजन थोडे उतरते, काहींचे वाढते. साडी दोन-तीन महिने आधी घ्यावी, ब्लाऊज महिनाभर आधी शिवायला टाकावे, शिंप्याला आत किमान इंचभर माया ठेवायला सांगावे आणि शेवटची मापे लग्नाच्या आठवड्यात पुन्हा तपासावीत.